बस जाईपर्यंत रडायचं नाही

आई, मी तुझ्यावर चिडलेय. तू जाऊन बारा वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, म्हणू देत. आज गुरुवार, आपल्या कारखान्यांच्या पट्ट्यातला सुट्टीचा वार. भांडी सिंकमध्ये तशीच पडली आहेत, तुझा जावई भाजी आणायला गेलाय आणि तुझी नात, जिला तू पाहिलंही नाहीस, आत चादर डोक्यावरून घेऊन झोपली आहे. तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला पट्टी आहे. त्या पट्टीपायी हे लिहायला बसले. दुसऱ्या कुणाला सांगायला जावं तर लोकांकडे दोनच उत्तरं असतात, एक तर नोकरी सोड, नाहीतर होतात गं लेकरं मोठी आपोआप. तू मधेच बोलणार नाहीस. जिवंत होतीस तेव्हाही माझं पूर्ण ऐकून घ्यायला तुला वेळ नसायचा, आता भरपूर आहे, तर ऐक.

गेल्या शनिवारी झालं. मोशीच्या चौकात आमच्या कंपनीची बस जिथे थांबते, त्याच्या मागच्याच सोसायटीत तळमजल्यावर एक पाळणाघर आहे. तिथे पावणेसातला मी तिला सोडते आणि सातच्या बसने चाकणला जाते. जूनपासून असं चाललंय, आणि पहिला आठवडा सोडला तर तिने एकदाही भोकाड पसरलेलं नाही. बाकीची पोरं दारात लोळण घेतात, कुणी आईच्या ओढणीला लटकतं, एक तर चप्पल काढून फेकून मारतो. माझी मात्र सँडल काढते, रॅकमध्ये जोडीने लावते आणि आत जाते. चार वर्षांची पोर. बाकीच्या आया माझ्याकडे बघायच्या, आणि खोटं कशाला बोलू, मी मान ताठ करून बसमध्ये चढायचे. तर शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास खेळण्यांच्या लोखंडी कपाटाच्या दारात तिचं बोट चेंगरलं. कुणालाच कळलं नाही, कारण ती रडली नाही. हूं नाही की चूं नाही. तिने हात फ्रॉकच्या खिशात घातला आणि ठेवून दिला. जेवताना डाव्या हाताने जेवली. दुपारी झोपवलं तेव्हा हात पोटाखाली घेऊन झोपली. दोन वाजता उठवून तोंड धुवायला नेलं तेव्हा तो हात खिशातून निघेना, आणि निघाला तेव्हा बोट वांग्याच्या रंगाचं झालं होतं.

पाळणाघर चालवणाऱ्या ताईंचा फोन आला तेव्हा मी लॅम्पखाली होते. माझं कामच नजरेचं आहे, आई. पार्ट उजेडात धरायचा, फिरवायचा, केसाएवढी चीर दिसली की लाल ट्रेमध्ये टाकायचा. आठ तासांत माझ्या हातून एक चीर सुटत नाही, असं आमचे सुपरवायझर चारचौघांत सांगतात. गेट पास घेऊन, रिक्षा करून मी धावत पोचले, दवाखान्यात नेलं, फोटो काढला. हाड शाबूत आहे, नखावर निभावलं, डॉक्टर म्हणाले. ड्रेसिंग करतानाही ती माझ्याकडे बघत होती, ओठ आत घेतलेले, डोळे कोरडे. पाळणाघरात परत आल्यावर ताईंनी तिला मांडीवर घेतलं आणि विचारलं, अगं, दुखलं तर रडायचं, मला येऊन सांगायचं, का नाही सांगितलंस? तिने आधी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "रडलं की आईची बस चुकते."

दहा वाजता, आई. बस सातला गेली होती. दहाला मी तिसऱ्या पेटीतले पार्ट बघत होते आणि इकडे ही पोर माझी बस चुकू नये म्हणून सुजलेलं बोट खिशात दाबून बसली होती. तिच्या डोक्यात ती बस दिवसभर चौकात उभीच असणार, सुटायच्या बेतात. ताई माझ्याकडे बघायला लागल्या. हे कुठून शिकली, असं त्यांनी विचारलं नाही, पण चेहऱ्यावर दिसत होतं. मी चटकन म्हणाले, मी असलं काही कधी बोलत नाही हां. माझी आई बोलायची. आणि तिथे उभ्या उभ्या माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताईंवर नाही, कपाटावर नाही, तुझ्यावर.

कारण ते वाक्य तुझं आहे. दापोडीची ती गल्ली, रेल्वेच्या भिंतीकडून निघून हमरस्त्याला मिळणारी. गल्लीच्या तोंडाशी खालूचं गॅरेज, गॅरेजच्या मागे त्यांची आणि मला सांभाळणाऱ्या खालाची खोली, आणि त्या खोलीत दिवसभर मी. खाला म्हणजे मावशी आणि खालू म्हणजे तिचा नवरा, एवढं उर्दू मी तिथेच शिकले. पहाटे तू मला अर्धवट झोपेत उचलून आणायचीस, तोंड धुतलेलं, वेणी घातलेली, आणि गॅरेजच्या पायरीवर खालाच्या शेजारी उभी करायचीस. समोर रस्त्यावर तुझ्या भोसरीच्या कंपनीची बस यायची. तू एप्रनच्या खिशात टॉवेल कोंबत एकच गोष्ट सांगायचीस, रोज, तीच, आपल्या बीडकडच्या बोलीत. "बस जाईस्तोर रडायचं नाई. बस चुकती माजी. गेल्यावर काय रडायचं ते रडून घे."

तुझ्या मते हा मोठा उदार सौदा होता, नाही का? रडायला बंदी नाही, फक्त जरा थांबून. पण रडणं असं हातात धरून ठेवता येत नाही गं. बस आली की मला रडू यायचं, मी ते गिळायचे, बस जायची, धूर खाली बसायचा, आणि मग खाला म्हणायची, हां, अब रो ले बेटा. आणि मला रडूच यायचं नाही. मी उभीच. खाला बिचारी माझ्या पाठीवरून हात फिरवायची आणि म्हणायची, पेट में मत रख. तिच्या घरात पोरं रडायची तशी रडायची, भांडी पडावीत तशी. एखादं पोर रडायचं, खाला ओरडायची, मग उचलून घ्यायची, त्याच्याच फ्रॉकने नाक पुसायची, पुन्हा खाली सोडायची, पाच मिनिटांत सगळं संपलेलं. मी कोपऱ्यात बसून हे बघायचे. मला ती पोरं बावळट वाटायची. यांना कळत कसं नाही, यांच्या अम्मीची काही बस चुकत नाही म्हणून चाललंय.

आणि तू मागे वळून बघायची नाहीस. हे मी तुला कधीच माफ केलेलं नाही, आजही नाही. तुझ्या बसमधल्या बाकीच्या बायका खिडकीत बसायच्या, फुटपाथच्या बाजूला. त्यांची लेकरं गल्लीच्या तोंडाशी उभी असायची आणि त्या हात हलवायच्या. एक मावशी तर सगळ्याच पोरांना हात हलवायच्या, मलासुद्धा. तू चढायचीस आणि पलीकडे जाऊन बसायचीस, ड्रायव्हरच्या बाजूला. तिथून तुला गॅरेज दिसायचं नाही, मी दिसायचे नाही, डिव्हायडर दिसायचा फक्त. जागा नसायची असंही नाही, मला पायरीवरून रिकामी खिडकी दिसायची. मी बसच्या काचांतून तुझ्या डोक्याची मागची बाजू शोधायचे, अंबाडा, त्याला लावलेली काळी जाळी. मला वाटायचं, हिला मी दिसतच नाही. हिने मला पायरीवर ठेवलं की मी हिच्यासाठी संपले. चार-पाच वर्षांच्या पोरीला हे शब्द सुचत नसतात, पण वाटायचं हेच.

मी शहाणी ठरले. खालू म्हणायचे शहाणी, गल्ली म्हणायची शहाणी, बालवाडीच्या बाई म्हणायच्या शहाणी. त्या शब्दाचा मला आता इतका तिटकारा आलाय की कुणी माझ्या लेकीला शहाणी म्हटलं तर मला त्याच्या तोंडावर हात ठेवावासा वाटतो. महिनाभर रडले नाही म्हणून तू मला बक्षीस आणलंस, आठवतं? लाल पट्ट्याचं खेळण्यातलं घड्याळ. त्याचे काटे छापलेले होते, कायम दहा वाजून दहा मिनिटं. मी ते रोज मनगटात घालून पायरीवर उभी राहायचे. तू गल्लीभर सांगितलंस, रडत नाही म्हणून आणलं. दुसरं एखादं पोर असतं तर आनंदाने नाचलं असतं. मी ते तोडलं नाही, हरवलं नाही, जपून वापरलं, कारण तसं केलं नसतं तर तुला वाईट वाटलं असतं. तुला वाईट वाटू नये हे तेव्हापासून माझंच काम झालं होतं.

एकदाच मी हरले. अंगात कणकण होती, तुलाही माहीत होतं, तू कपाळाला हात लावून बघितला होतास. बस आली आणि मी तुझ्या एप्रनची दोरी धरली. सोडेचना. तू बोटं एकेक करून सोडवलीस आणि मी पुन्हा धरली, आणि रडले, अशी रडले की गॅरेजमधले लोक हातातली कामं टाकून बाहेर आले. बसने दोनदा हॉर्न दिला आणि गेली. तू मला मारलं नाहीस, रागावली नाहीस. मला खालाच्या हातात दिलंस आणि साध्या बसने गेलीस. रागावली असतीस तर ते मी ऐकून घेतलं असतं. पण आठ दिवसांनी खालाच्या चुलीपाशी बसून चहा पिताना तू तिला सांगितलंस, मी तिथेच मांडीला मांडी लावून बसले होते, "हिच्यापायी मला उभ्याच्या कामाला टाकलं. बसून करायचं काम गेलं माजं." आणि साडी जराशी वर करून तिला घोटे दाखवलेस.

पाच वर्षांच्या मुलीसमोर, आई. तुला काय वाटलं, ती कपबशीशी खेळतेय? मी तुझे घोटे बघितले. त्यानंतर मी तुझे घोटेच बघत राहिले. तू वायरिंगच्या लाईनवर तारांच्या जुड्यांना टेप गुंडाळायचीस, आधी बाकावर बसून आणि त्यानंतर बोर्डासमोर उभी राहून, वर्षानुवर्षं. संध्याकाळी पाय उशीवर ठेवून पडायचीस आणि मी ते पाय दाबायचे. गल्ली म्हणायची, काय मायाळू पोरगी. माया कसली? फेडत होते मी. शाळेत घसरगुंडीवरून पडले, दात हलला, सांगितलं नाही. पहिल्यांदा पाळी आली ती दोन दिवस लपवली, खालाच्या मोठ्या मुलीने ओळखलं म्हणून तुला कळलं. तेव्हा मात्र तू मला धपाटा घातलास आणि म्हणालीस, आईला सांगत नाहीस, मी काय परकी आहे का? मला तेव्हा हसू आलं होतं. आता येत नाही.

बरं, बाबांचं काय? बाबाही पिंपरीला कंपनीतच होते, त्यांनाही बस होती, त्यांनाही शिफ्ट होती. माझ्या रडण्याने बाबांची बस चुकते असं मला आयुष्यात कुणी सांगितलं नाही. बाबांची बस कशानेच चुकायची नाही. आणि आता तुझ्या जावयाचंही तेच. माणूस चांगला आहे, पोरीला आंघोळ घालतो, तिच्याशी खेळतो, पण ती बोट खिशात दाबून बसली ती आईची बस चुकू नये म्हणून, बाबाची नाही. शनिवारपासून आमच्या दोन्हीकडच्या नातेवाइकांनी फोन करून मलाच शहाणपण शिकवलं. लहानपणी आईची ऊब मिळाली नाही की पोरं अशी घुमी होतात, असं माझ्या नणंदेने मला ऐकवलं. तुझ्या जावयाला कुणी काही विचारलं नाही. आमच्या कंपनीत महिला दिनाला प्रत्येकीला गुलाब देतात आणि बसला मात्र दोन मिनिटं थांबू देत नाहीत. मला हे सगळं दिसतं गं. मी आंधळी नाही. पण या सगळ्यांवर चिडून झालं की शेवटी राग येऊन बसतो तो तुझ्यावरच. बाकीच्यांकडून मला कधी काही हवंच नव्हतं.

ताई त्या दिवशी मला आणखी काही सांगत होत्या. त्या मोशीच्याच, जुन्या घरातल्या, शेत विकलं तरी बोलणं तेच राहिलंय. म्हणाल्या, "रडणाऱ्या पोराची मला काळजी न्हाई वाटत. ते रडतंय, म्हंजी कुणीतरी ईल असं त्याला वाटतंय. तुजी पोरगी दुसऱ्यांचे डोळे पुसत फिरती. ते मला बरं वाटत न्हाई." मी भडकले. तुम्हाला काय जातंय बोलायला, म्हणाले, तुम्हाला घरातल्या घरात काम आहे. त्या उठल्या. पोरीची सँडल आणून माझ्यासमोर ठेवली, जोडीने. बाहेर आले आणि रस्त्यात मला आठवलं. ताईंसमोर छातीठोकपणे म्हणाले होते ना, मी असलं बोलत नाही? जूनमधला पहिला आठवडा. तिने माझी ओढणी मुठीत धरली होती, चौकात बस दिसायला लागली होती, आणि मी खाली बसून तिच्या मुठीतून ओढणी सोडवत म्हणाले होते, बस जाईपर्यंत रडायचं नाही, आईची बस चुकते. एकदा नाही, तीन-चार दिवस म्हणाले असेन. मग म्हणायची गरजच पडली नाही.

म्हणजे तुझं वाक्य तिला मीच दिलं. हे कबूल. पण तू माझ्या तोंडात ते ठेवून गेली नसतीस तर ऐन वेळी ते माझ्या जिभेवर आलं नसतं, हेही तितकंच खरं. मी ठरवलं, हे आपल्यापाशी थांबवायचं. दुसऱ्या दिवशी रजा काढली. तिला मांडीवर घेऊन सांगितलं, दुखलं तर रडायचं, राग आला तर रडायचं, उगीच वाटलं तरी रडायचं, बस गेली तरी चालेल. तिने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, खरी बस? मी म्हणाले, खरी बस. तिने पट्टी दुसऱ्या हाताने झाकून घेतली. माझा तिला विश्वास वाटला नव्हता, आणि का वाटावा?

सोमवारी काही झालं नाही. मंगळवारी तिने मला तपासलं. पाळणाघराच्या फाटकाशी मी तिचा हात सोडला आणि तिने माझ्याकडे बघितलं, मग चौकाकडे बघितलं. बस वळून येत होती. आणि ती रडायला लागली. आधी बारीक, जमतंय का बघत असल्यासारखी, आणि मग काय सांगू, आतून कुठून कुठून आलं ते. जमिनीवर बसली, पाय आपटले, पट्टीचं बोट वर धरून रडली. दुखतंय, दुखतंय, म्हणाली. तीन दिवसांनी. मी तिला उचललं. बसने हॉर्न दिला. बसमधल्या बायका हाका मारत होत्या, खाणाखुणा करत होत्या, मी हाताने जा म्हणून सांगितलं. बस गेली. ती एकदम गप्प झाली. तोंड माझ्या खांद्यावरून वर काढून तिने रिकामा रस्ता बघितला आणि घाबरून म्हणाली, "आई, बस गेली."

"गेली तर गेली," मी म्हणाले.

आम्ही फाटकाशेजारच्या कट्ट्यावर बसलो. मी तिच्या नाकाचा शेंबूड माझ्या ओढणीने पुसला. तिने विचारलं, आता तुला रागावतील? मी म्हणाले, रागावू देत, आपण नाही घाबरत. मग तिने माझ्या मांडीवर डोकं टेकवलं आणि रस्त्यावरून जाणाऱ्या बसेसचे रंग मोजत राहिली. पंधरा-वीस मिनिटं असेल. मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं, आणि त्याच कट्ट्यावर मला तुझा इतका संताप आला की त्या रागानेच मला हुंदका फुटला. गेली तर गेली. एवढंच होतं, आई. एवढंच म्हणायचं होतं तुला, एकदा. मला कणकण होती त्या सकाळी. नोकरी सोड म्हणत नव्हते मी, दिवसभर घरी राहा म्हणत नव्हते. घोटे दाखवायचे नव्हतेस फक्त. तू गेलीस तेव्हा हॉस्पिटलमध्ये तुझे पाय असेच सुजलेले होते, मी चादरीवरून ते दाबत होते आणि माझ्या डोळ्याला टिपूस नव्हता. नातेवाईक म्हणाले, किती धीराची. मला आईसाठी रडता आलं नाही. बारा वर्षांत नाही. तू म्हणाली होतीस गेल्यावर रडून घे, तू गेलीस, आणि मला ते जमलंच नाही.

मंगळवारी मी रिक्षा बदलत बदलत उशिरा पोचले. सुपरवायझर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, शनिवारी अर्ध्यातून गेलात, रविवारी रजा, आज लेट, मॅडम, मी समजू शकतो, पण या महिन्यात कॉन्ट्रॅक्टच्या मुलींपैकी पुढे कुणाला ठेवायचं त्याची यादी वर जाणार आहे, मला तुमचं नाव त्यात ठेवायचंय. माणूस वाईट नाही. खरंच ठेवायचंय त्याला. मी हो सर म्हणाले आणि लॅम्पखाली जाऊन बसले. त्या दिवशी माझ्या हातून दोन चिरा सुटल्या, पुढच्या टेबलवरच्या मुलीने गुपचूप आणून लाल ट्रेमध्ये टाकल्या. दुपारी जेवताना मला पहिल्यांदा वाटलं, तुलाही असं कुणी बाजूला घेऊन सांगितलं असेल का? का कुणी सांगायच्याही भानगडीत पडलं नसेल, सरळ उभ्याच्या कामावर टाकलं असेल? मी तुला कधी विचारलं नाही. मी तुला काहीच विचारायचे नाही, आणि तो दोष माझा नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, ते उघड आहे. तुझा फोटो आहे भिंतीवर, त्याच्या मागेसुद्धा ठेवणार नाही. जावई आल्याचा आवाज येतोय, जिन्यात पिशवी घासतेय. हे कागद म्हणजे कंपनीचे तपासणीचे पाठकोरे फॉर्म आहेत, फाडून टाकेन. पण एक राहिलं. ते लिहायचं नाही असं सकाळी ठरवून बसले होते.

काल बुधवार. आम्ही फाटकाशी पोचलो तेव्हा बस चौकात येऊन उभी होती. तिने सँडल काढली, रॅकमध्ये लावली, आणि परत दारापर्यंत आली. माझ्याकडे बघितलं. तिची हनुवटी थरथरत होती, ओठ आत घेतलेले होते. मला माहीत होतं की आता मी नुसती खाली बसले तरी ती रडेल. तेवढीच वाट बघत होती ती. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, येते हां म्हणाले, आणि निघाले. ती रडली नाही. मला हायसं वाटलं. बसमध्ये डावीकडच्या दोन खिडक्या रिकाम्या होत्या. तिथून पाळणाघराचं दार सरळ दिसतं. मी पलीकडे गेले आणि ड्रायव्हरच्या बाजूला बसले.